आधी इन्सुलिन चालू दे, मग औषध

पीएचडीला लागले तेव्हा काम कागदावर सोपं दिसत होतं. स्नायूंच्या पेशींना मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध द्यायचं आणि ग्लुकोज जास्त आत गेलं का ते मोजायचं. सहा महिने रीडिंग ढिम्म हललं नाही. गाईड म्हणाले, "इन्सुलिननंच फरक पडत नाहीये, मग औषधाला कशाला नावं ठेवतेस?"

मी उंदराच्या सी२सी१२ पेशी वापरत होते. त्यांत ग्लूट-१ या ग्लुकोज आत नेणाऱ्या प्रथिनाचं दार कायम उघडं, त्यामुळे इन्सुलिनशिवायही ग्लुकोज भरपूर आत शिरतं. आपल्याला हवं ग्लूट-४, जे एरवी पेशीच्या आत दडलेलं असतं आणि इशारा मिळाला की पेशीपटलावर येतं. त्यासाठी रॅटच्या एल६ पेशी बऱ्या. प्लेट पेशींनी भरली की मीडियातलं, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवातलं, सीरम (रक्तातून काढलेला, पेशी वाढवणारा द्रव) १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणा आणि पाच-सात दिवस कळ काढा. पेशी एकमेकींत मिसळून लांबट मायोट्यूब झाल्या की ग्लूट-४ पुरेसं तयार होतं. हे दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका. माझी एक बॅच अशीच गेली.

प्रयोगाआधी तीन-चार तास सीरम बंद. मग मीडियातलं ग्लुकोज नीट धुऊन काढा. हाय-ग्लुकोज मीडियात ते २५ मिलिमोलर असतं आणि ग्लुकोजऐवजी मोजायच्या, त्याच्यासारख्याच २-डीऑक्सिग्लुकोजला दारातच अडवतं. २-डीऑक्सिग्लुकोजला आत फॉस्फेट चिकटतं, पुढे त्याचं काही होत नाही, ते तिथेच अडकतं. म्हणून तर मोजता येतं. इन्सुलिन १०० नॅनोमोलर, वीस-तीस मिनिटं. दीडपट-दुप्पट वाढ दिसेपर्यंत औषधाची बाटली उघडूच नका.

मेटफॉर्मिनची वाट वेगळी. ते मायटोकॉन्ड्रियातल्या, ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतल्या कॉम्प्लेक्स-१ला आवर घालतं, एटीपी हे पेशीचं इंधन कमी पडतं, ऊर्जेची चणचण ओळखणारं एएमपीके हे एन्झाइम जागं होतं आणि ग्लूट-४ बाहेर येतं. वॉर्टमॅनिननं इन्सुलिनची वाट अडवूनही वाढ टिकते का, ते बघा.

मला मात्र एक गोष्ट कायम खुपते. प्लेटमध्ये आपण १-२ मिलिमोलर मेटफॉर्मिन ओततो. गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ते काही मायक्रोमोलरच असतं. शिवाय माणसात त्याचं मोठं काम यकृतात चालतं. म्हणून प्रबंधात मी प्रत्येक निष्कर्षाशेजारी मात्रा लिहिली.

मेथीच्या नाहीतर जांभळाच्या अर्कानं पेशींत जाणारं ग्लुकोज वाढलं म्हणून ज्युनिअर नाचत आली की मी आधी विचारते, पेशी जिवंत आहेत ना? मायटोकॉन्ड्रिया गुदमरवणारं विषही एएमपीके जागं करतं. आणि हे तपासायला नुसती एमटीटी ही जिवंत पेशी मोजायची चाचणी नको, तीही बरीचशी मायटोकॉन्ड्रियावरच विसंबते. सोबत एलडीएच कर, म्हणजे फुटलेल्या पेशींतून गळणारं ते एन्झाइम मोज.