मोठ्या लढतीआधी ट्यून-अप फाइट घ्यावी का? हे बघून ठरवा

हरणै बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव आटपला की टपरीवर आमचा वाद सुरू होतो: बऱ्याच काळाने मोठी लढत लढणाऱ्या बॉक्सरने आधी ट्यून-अप फाइट, म्हणजे अंगावरचा गंज काढायला एक सोपी लढत, घ्यावी का? मी नौदलात असताना बॉक्सिंग केलं, आता पोरांना शिकवतो. समोर बसतो तो तांडेल, होडी चालवणारा. त्याचं म्हणणं एकच: पावसाळी मासेमारीबंदीचे ६१ दिवस आंजर्ल्याच्या खाडीत पडून असलेली होडी १ ऑगस्टला थेट खोल पाण्यात कोण नेतो? आधी जवळच फेरी मारून इंजिन बघायचं. हेवीवेट बॉक्सरलाही तेच लावा, म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. त्या फेरीत होडीला कोणी ठोसे मारत नाही.

म्हणून आधी बघा, बॉक्सरच्या कशाला गंज चढलाय. दम कमी पडत असेल तर लढत कशाला, पळवा त्याला वाळूत. पण ठोसा येताना दिसतो आणि तरी मान हलायला उशीर होतो, असं असेल तर नुसत्या स्पॅरिंगने, म्हणजे सरावातल्या झुंजीने, भागत नाही. तिथे हातात १६ औंसांचे ग्लोव्ह्ज आणि डोक्याला हेडगार्ड. लढतीत १० औंसांचे, आणि डोकं उघडं.

मग राउंड मोजा. माझा सगळा जोर यावर आहे. साडेतीन वर्षं बाहेर राहून मुहम्मद अली १९७० च्या ऑक्टोबरात परतला, तेव्हा जेरी क्वारीची लढत ३ राउंडांत आटपली. डिसेंबरात ऑस्कर बोनावेनाने मात्र त्याला १५ व्या राउंडपर्यंत राबवलं. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरकडून तो हरला, पण पूर्ण १५ राउंड लढून. टायसन फ्युरीनेही २०१८ मध्ये पियानेटाबरोबर १० राउंड काढले, आणि डिसेंबरात डिऑन्टे वाइल्डरने १२ व्या राउंडला आडवा केल्यावरही उठून लढत बरोबरीत सोडवली. उलट वाइल्डर: ऑक्टोबर २०२२ मध्ये हेलेनियसला पहिल्याच राउंडला झोपवलं, आणि १४ महिन्यांनी पार्करसमोर हात सुटेनात. टाळ्या मिळाल्या होत्या, राउंड नव्हते मिळाले. तेव्हा जबडा घट्ट आणि हात हलका, असा गडी शोधा.

आता धोका. २०१९ च्या सप्टेंबरात वॉलिनबरोबरच्या 'सोप्या' लढतीत फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर ४७ टाके पडले. वाइल्डरशी त्याची दुसरी लढत पाच महिन्यांवर होती, म्हणून निभावलं. माझं नाही निभावलं. स्पर्धेच्या सहा आठवडे आधी हौसेने एक लढत घेतली, डोक्याला डोकं लागलं, डाव्या भुवईला तीन टाके. जखम भरली, पण वरची कातडी दुधावरच्या सायीसारखी. स्पर्धेत पहिल्याच जॅबला, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाला, ती उघडली आणि डॉक्टरांनी लढत थांबवली. अजून दाढी करताना आरशात ती रेघ दिसते.

आणि समोरचा ऐनवेळी बदलला तर सगळं गणित पुन्हा मांडा. अँथनी जोशुआसमोर जून २०१९ मध्ये मिलरच्या जागी अँडी रुईझ आला. जोशुआ चारदा खाली गेला आणि सातव्या राउंडला जगज्जेतेपदाचे पट्टे गमावून बसला.

माझा हिशेब असा: शेवटची लढत आठ महिन्यांच्या आतली आणि बरेच राउंड चाललेली असेल तर ट्यून-अप नको. वर्ष उलटलं असेल तर घ्या, १० राउंडांची, मोठ्या लढतीच्या किमान पाच महिने आधी. पहिल्या तीन राउंडांत समोरच्याला पाडू नकोस, हे कोपऱ्यातून बजावून ठेवा. ऐकेलच असं नाही. गडी डगमगला की माझी पोरंही माझं ऐकत नाहीत.