चांदीचा पेला घडवून घेताना फक्त वजन सांगू नका

बारशाला द्यायला कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, किंवा हुपरीच्या कारागिराकडे पेला सांगताना आपण ‘शंभर ग्रॅमचा करा’ एवढंच म्हणतो. मग पेला मोठा आणि पत्रा पातळ, नुसत्या बोटानं चेपणारा. त्याऐवजी आधी हे हिशेब करा, सगळी मापं सेंटिमीटरमध्ये:

१. किती मावेल: व्यास × व्यास × उंची × ०.७८५ = मिलिलिटर. ६ व्यास, ८ उंची धरली तर काठोकाठ सुमारे २२६. वरचा एक सेंटिमीटर रिकामा सोडला की जवळपास २००. तोंड रुंद, बूड अरुंद असेल तर व्यास मधोमध मोजा.

२. किती चांदी लागेल: बाजू (३.१४ × व्यास × उंची) आणि बूड (व्यास × व्यास × ०.७८५) यांची बेरीज करा, तिला पत्र्याच्या जाडीनं आणि मग १०.५ नं गुणा. वरच्याच पेल्याला अर्धा मिलिमीटर, म्हणजे ०.०५ जाडी धरली तर साधारण ९४ ग्रॅम.

बजेट कमी असेल तर उंची कमी करा, जाडी नको.

मात्र वळवलेला काठ, बैठक, वरून जोडलेली नक्षी यांचं वजन यात नाही. ते कारागिरालाच विचारा.