हाडांच्या आनुवंशिक आजारांवर प्राण्यांत काम करताय? या चुका टाळा

उंदराचे हाड सहज मोडते, एक्स-रेमध्ये बारीक दिसते, म्हणजे माणसाच्या ठिसूळ हाडांच्या आजाराचे मॉडेल हाती लागले, असे धरून अनेक प्रयोग सुरू होतात. पुढे निष्कर्ष जुळेनासे झाले की शंका यंत्रावर किंवा औषधावर घेतली जाते. माझ्या मते चूक बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी झालेली असते: कोणते म्युटेशन (जनुकातला बदल) निवडले आणि तुलनेला कोणता प्राणी घेतला, इथे. म्हणून या दोन गोष्टींपाशी जास्त थांबतो.

जनुक तेच, बिघाड वेगळा

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार, बहुतांश रुग्णांत कोलॅजन-१ च्या जनुकांतल्या दोषाने होतो. या कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ: दोन आल्फा-१, एक आल्फा-२. आल्फा-१ च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक पूर्ण बंद पडली, तर कोलॅजन निम्मेच बनते, पण जे बनते ते चांगले असते. आजार सहसा सौम्य राहतो. तीच प्रत चालू राहिली आणि तिच्यात एका ग्लायसीनच्या जागी दुसरे अमिनो आम्ल येऊन बसले, तर मात्र बिघडलेली साखळी चांगल्या साखळ्यांबरोबर पिळात शिरते. आल्फा-१ च्या जागा दोन असल्याने चारपैकी तीन रेणूंत किमान एक सदोष साखळी सापडते. तोच बदल आल्फा-२ मध्ये झाला तर निम्म्या रेणूंत.

हा हिशेब न करता थेट नॉकआउट (जनुक पूर्ण बंद केलेला) उंदीर मागवणे ही मला दिसणारी सर्वांत महागात पडणारी चूक. सदोष प्रत गप्प करणारा उपचार तपासायचा असेल, तर नॉकआउटमध्ये गप्प करायला काही उरलेलेच नसते.

१९९३ मध्ये वर्णन झालेला ‘ओआयएम’ उंदीर आजही खूप वापरला जातो. त्यात आल्फा-२ साखळी पिळात येतच नाही, तीन आल्फा-१ मिळून रेणू बनतो, आणि ठळक आजार दिसायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. माणसात हा प्रकार दुर्मीळ आहे. बहुतेक रुग्णांत एकच प्रत बिघडलेली असते. त्यांच्या जवळ जाणारा उंदीर म्हणजे १९९९ चा ‘ब्रिटल’ नॉक-इन (जनुकात ठरावीक बदल मुद्दाम घातलेला), ज्यात आल्फा-१ च्या एका प्रतीत ३४९ व्या ग्लायसीनच्या जागी सिस्टीन आहे. ओआयएम वाईट मॉडेल आहे असे मी म्हणत नाही. पण त्यावरचा निष्कर्ष लिहिताना तो कोणत्या बिघाडाबद्दल आहे, हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवे.

पिंजऱ्यात झालेली चूक मायक्रोस्कोपखाली सुधारत नाही

सी५७ब्लॅक६ आणि सी३एच या दोन्ही निरोगी स्ट्रेन, म्हणजे प्रयोगशाळेतले उंदरांचे वाण. तरीही सी३एचच्या हाडांची घनता ब्लॅक६ पेक्षा बरीच जास्त असते. म्हणजे म्युटेशन नसतानाही दोन उंदरांत एवढा फरक पडतो. म्युटंट मिश्र वाणाचे आणि तुलनेचे उंदीर बाहेरून मागवलेले शुद्ध ब्लॅक६, अशी मांडणी असेल तर दिसलेला फरक कशाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

उपाय साधा आहे, फक्त वेळखाऊ. तुलना एकाच विणीतल्या सख्ख्या भावंडांत करा, नर नराशी आणि मादी मादीशी. ओआयएमसाठी दोन वाहक (एकच प्रत बिघडलेले) जोडीला लावले की चारात एक पिल्लू आजारी मिळते आणि त्याची निरोगी भावंडे शेजारीच असतात. जागा वाचवण्यासाठी आजारी आणि निरोगी अशा दोन वेगळ्या वसाहती राखल्या, तर काही पिढ्यांनंतर त्या एकमेकींपासून दूर सरकतात.

दहा पिढ्या बॅकक्रॉस (दर पिढीत शुद्ध वाणाशी पुन्हा संकर) केल्यावर आता वाण शुद्ध झाला, असे मानणेही अपुरे आहे. बाकीचा जीनोम जवळपास बदललेला असतो, पण ज्या जनुकावर आपण निवड करत आलो त्याच्या आजूबाजूचा सरासरी २० सेंटिमॉर्गनचा (गुणसूत्रावरच्या अंतराचे एकक) पट्टा जुन्याच वाणाचा राहतो. त्या पट्ट्यात शेकडो जनुके मावतात.

एक्स गुणसूत्रावरच्या आजारात तर जोडी लावतानाच प्रयोग बिघडू शकतो. ‘हिप’ उंदीर १९७६ पासून माहीत आहे. फेक्स जनुकातल्या दोषाने त्याच्या रक्तातले फॉस्फेट कमी राहते आणि हाडे मऊ पडतात. हिप नर आणि निरोगी मादी अशी जोडी लावली तर सगळ्या मुली आजारी आणि सगळे मुलगे निरोगी निघतात. एकाच लिंगाची तुलना संपली! एकच प्रत बिघडलेली मादी आणि निरोगी नर ठेवा, म्हणजे दोन्ही लिंगांत निम्मी आजारी, निम्मी निरोगी पिल्ले मिळतात.

याच आजाराचा ‘जाय’ नावाचा दुसरा उंदीर आहे. त्याचे नर बहिरे असतात, गोल गोल फिरतात आणि वंध्य असतात. फॉस्फेटशी याचा संबंध लावण्यात वेळ घालवू नका. त्याच्या गुणसूत्रात फेक्सबरोबर शेजारच्या स्पर्मिन सिंथेज जनुकाचाही भाग गळालेला आहे. अनपेक्षित लक्षण दिसले की आधी शेजार तपासावा.

भूक की जनुक?

ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कमी पडतात आणि हाड दगडासारखे भरत जाते. दात बाहेर यायलाही याच पेशी लागतात, त्यामुळे ‘ओपी’ उंदराचे पुढचे दात उगवतच नाहीत. त्याला कडक गोळ्यांचे खाद्य दिले तर ते पिल्लू उपाशी राहते, आणि मग त्याच्या खुरटलेल्या वाढीचा दोष आपण जनुकावर टाकतो. भुकटी केलेले मऊ खाद्य द्या, आणि तेच निरोगी भावंडांनाही द्या. शिवाय ओपी उंदराचा आजार वय वाढते तसा काही प्रमाणात आपोआप निवळतो. वयाची नोंद अचूक नसेल तर हे निवळणे औषधाच्या खात्यात जमा होते.

खोलीचे तापमानही नोंदवा. माणसाला सुखाचे वाटणारे २२ अंश उंदराला थंड असतात, आणि त्या थंडीत त्याचे जाळीदार हाड लवकर घटते.

मोजताना

मायक्रो-सीटीत (हाडाचे सूक्ष्म त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) उंदराच्या हाडातल्या जाळीची काडी ३० ते ६० मायक्रॉनची असते, म्हणून व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान ठोकळा) १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान ठेवा. म्युटंट आकाराने लहान असेल तर वाढपट्टीपासून (हाड जिथून लांबीने वाढते) ठरावीक मिलिमीटरवर मोजणे चुकते. हाडाच्या लांबीच्या प्रमाणात जागा ठरवा. आणि एक लक्षात असू द्या: ठिसूळ हाडांच्या आजारात हाड कमी असते, पण असते त्यात खनिज जास्त ठासलेले असते. घनतेचा एकच आकडा ही दोन्ही टोके एकत्र करून खरी गोष्ट झाकतो.

क्री उंदीर

ऑस्टेरिक्स-क्री (हाड बनवणाऱ्या पेशींत ठरावीक जनुक कापण्यासाठी बाहेरून घातलेले जनुक) वापरत असाल तर फक्त क्री असलेल्या भावंडांचा गट हवाच. हा ट्रान्सजीन एकटाच वाढ मंदावतो आणि कवटीत दोष आणतो.

मासा म्हणजे छोटा उंदीर नव्हे

झेब्राफिशमध्ये कोलॅजन-१ ला दोन ऐवजी तीन जनुके आहेत, कारण त्याच्या पूर्वजांत अख्खा जीनोम दुप्पट झाला होता. त्यामुळे एक जनुक बंद करूनही काही दिसले नाही, तर जोडीदार जनुक पाहिल्याशिवाय ‘परिणाम नाही’ असे लिहू नका. मेडाका माशाच्या हाडात तर ऑस्टिओसाइट, म्हणजे हाडात रुतून राहणाऱ्या पेशीच नसतात. स्क्लेरोस्टिन (हाडाची वाढ रोखणारे प्रथिन) मुख्यतः याच पेशी बनवतात, तेव्हा स्क्लेरोस्टिनचा प्रश्न या माशाला विचारू नये.

एक्सॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिन ठरवणाऱ्या भागात) काहीच सापडले नाही तर

व्हॅन बुकेम आजारात कवटी आणि जबडा जाड होत जातात, पण स्क्लेरोस्टिनचे जनुक वाचले तर ते निर्दोष दिसते. दोष त्याच्या पुढे आहे: ५२ हजार बेसचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यात हाडात हे जनुक चालू करणारा एन्हान्सर असतो. असा तुकडा नेहमीच्या पीसीआरमध्ये नुसता ‘उत्पादन आले नाही’ एवढाच दिसतो आणि नमुना खराब म्हणून फेकला जातो. दोनदा तसेच घडले तर प्रायमर (पीसीआरची सुरुवात करणारे डीएनएचे छोटे तुकडे) बाहेरच्या बाजूला सरकवून पुन्हा पाहा.

आणि कोलॅजनची जनुके साफ निघाली तरी आजारी प्राणी सोडून देऊ नका. डॅक्सहुंड कुत्र्यांतला ठिसूळ हाडांचा आजार २००९ मध्ये कोलॅजनची घडी सांभाळणाऱ्या एचएसपी-४७ प्रथिनाच्या जनुकापर्यंत नेऊन पोहोचवला गेला. त्याच जनुकातला दोष माणसाच्या बाळात सापडल्याची नोंद त्यानंतर, २०१० मध्ये आली.