परदेशी शिकायला जाताय? आधी मांटू, मग एमएमआर

बरीच परदेशी विद्यापीठं एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा आणि टीबी तपासणीचा दाखला एकदमच मागतात. गडबड होते ती क्रमात. एमएमआर ही जिवंत विषाणूंची लस; ती घेतल्यावर काही आठवडे मांटू चाचणीची (टीबीसाठी हाताच्या त्वचेत टोचून करतात ती) प्रतिक्रिया दबू शकते, म्हणजे संसर्ग असूनही निकाल निगेटिव्ह. म्हणून दोन्ही एकाच दिवशी उरका, किंवा आधी मांटू करून हात दाखवून या आणि मगच लस घ्या. लस आधीच झाली असेल तर किमान 4 आठवडे थांबा. टीबीसाठीच रक्तावर होणाऱ्या इग्रा चाचणीलाही हेच अंतर पाळावं.

मांटू टोचल्यावर हात 48 ते 72 तासांनी दाखवायचा असतो. गुरुवारी टोचलं तर शनिवार-रविवार येतो, तेव्हा दवाखाना उघडा असतो का ते विचारून घ्या. मोजतात तो कडक फुगवटा, लाली नव्हे.