पश्चिमेची गॅलरी

जळगावात नव्या फ्लॅटमध्ये आलो ते ऐन एप्रिलात. स्वयंपाकघराची गॅलरी पश्चिमेला, पारा 43-44 वर. दुपारनंतर ओट्याला हात लाववेना. हौसेने आतून जाड गडद पडदे लावले. तेच तापून खोलीत धग सोडायचे! ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं होतं.

मग गॅलरीला बाहेरून वाळ्याचा पडदा बांधला आणि दुपारी दोन-तीनदा त्यावर पाणी मारू लागले. आपल्याकडची हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, आत येणारा वारा गार होतो. ओट्याशी उभं राहवू लागलं, भाकरी संध्याकाळीही होऊ लागली. पावसाळ्यात मात्र तो सोडून, वाळवून ठेवते. दमट हवेत गारवा मिळत नाही, उलट बुरशी धरते.

थंडीत भरिताची हिरवी वांगी गॅसवर भाजली, तर नवी भिंत काळवंडली आणि चवही येईना. आता गच्चीवर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्यांवर भाजते. आधी टोचे मारायचे, भाजल्यावर दहा मिनिटं झाकायची. साल अलगद सुटते. भाजलेली हिरवी मिरची, लसूण ठेचून, वर कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी. शेजारच्या काकू आता स्वतःची वांगी घेऊनच वर येतात.