सामूची शिडी: दहापट विरलन करून पीएच मोजून पाहा

सामू (पीएच) ० ते १४ असतो, ७ म्हणजे उदासीन, हे पाठ असतं. पण सामू ३ आणि ४ यांत नेमका किती फरक, हे पाठांतरातून कळत नाही. सामू एकाने वाढला की हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट घटतं, दोनाने वाढला की शंभरपट. हे स्वतः करून पाहावं असं आहे.

०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल, ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ऊर्ध्वपातित पाणी, १० मिलिलिटरचं पिपेट, १०० मिलिलिटरचे फ्लास्क आणि पीएच मीटर एवढं हवं. पिपेट तोंडाने कधीच ओढू नका, रबरी फुगा वापरा. संहत (३७ टक्के) आम्लापासून सुरुवात करायची तर ८.३ मिलिलिटर आम्ल सुमारे ५०० मिलिलिटर पाण्यात हळूहळू सोडा आणि मग १ लिटर भरा. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. उलट केलं तर तयार होणाऱ्या उष्णतेने द्रावण उसळून अंगावर येतं. हे काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), चष्मा आणि हातमोजे घालून करा. अंगावर उडालंच तर १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. त्यावर अल्कली ओतून उदासिनीकरण करू नका, इजा वाढते.

आधी मीटर बफरने (सामू ठरलेला असतो अशा द्रावणाने) जुळवून घ्या: आधी ७.०० चा, मग ४.०१ चा. दर वेळी इलेक्ट्रोड पाण्याने धुवून टिशूने नुसता टिपून घ्या. काचेचा फुगा घासलात तर स्थिर विद्युतभारामुळे आकडा भरकटतो. काम झालं की इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवल्याने तो खराब होतो, आणि ही चूक फार जण करतात.

आता शिडी. हायड्रोक्लोरिक आम्लातलं १० मिलिलिटर १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये घ्या, खुणेपर्यंत पाणी भरा, बूच लावून आठ-दहा वेळा उलटंपालटं करा. त्यातलं १० मिलिलिटर पुढच्या फ्लास्कमध्ये, आणि असंच पुढे. प्रत्येक पायरीला पिपेट नव्या द्रावणाने खंगाळून घ्या, नाहीतर आधीच्या दहापट संहत द्रावणाचे दोन-चार थेंबही पुढचा आकडा बिघडवतात. मीटर साधारण १.१, २, ३, ४ असे आकडे दाखवेल.

पाचव्या-सहाव्या पायरीला शिडी वाकते. हिशोबाने ६ यायला हवं तिथे ५.५ च्या आसपास दिसतं. मीटर बिघडलेला नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल बनवतो, म्हणून उघड्या ऊर्ध्वपातित पाण्याचा सामूच ५.६ च्या आसपास असतो. शिवाय इतक्या विरल द्रावणात आयन कमी असल्याने आकडा डळमळतो. आणि आम्ल कितीही विरल केलं तरी सामू ७ च्या वर जाणार नाही, कारण पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन उरतातच.

ॲसेटिक आम्लावर हीच कृती करा, खरी गंमत इथे आहे. आकडे २.९, ३.४, ३.९ असे येतील: दहापट विरलनाला अर्धीच पायरी. ०.१ मोलर द्रावणात या सौम्य आम्लाचे शंभरातले फक्त सव्वा-दीड रेणू आयन देतात; पाणी वाढलं की उरलेल्यांतले आणखी सुटे होतात आणि घट अर्धवट भरून निघते.

मग ॲसेटिक आम्लात आम्लपणा कमी आहे का? दोन्ही ०.१ मोलर आम्लं १०-१० मिलिलिटर घ्या, फेनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे (सामूनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याचे) दोन थेंब टाका, आणि ब्युरेटमधून (खुणा असलेल्या, तोटीच्या नळीतून) फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जा. दोघांनाही साधारण १० मिलिलिटरच लागतं. सामू सुट्या हायड्रोजन आयनांचा असतो, साठ्याचा नाही. हायड्रॉक्साइडची बाटली मात्र ताजी आणि घट्ट बंद हवी, कारण तेही हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं.

ब्युरेटच्या या प्रयोगात मिथिल ऑरेंज हा दर्शक वापरू नका. त्याचा रंग सामू ३.१ ते ४.४ दरम्यान बदलतो, ॲसेटिक आम्लाचा अंत्यबिंदू (सगळं आम्ल संपतं तो क्षण) मात्र ८.७ च्या आसपास असतो. निम्मंही आम्ल संपायच्या आत रंग बदलून बसतो.