मंगळदास मार्केटला जाण्याआधी पन्हा विचारायला शिका

दिवाळी उलटली की माझ्याकडे ब्लाउज आणि घागरे शिवायला येणाऱ्या मुलींचा एकच प्रश्न असतो: काकू, कापड कुठून आणू? मी डोंबिवलीत शिवणकाम करते. लग्नसराईत या प्रश्नाचं उत्तर देता देता मशीनवरचं काम तसंच पडून राहतं, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

मुंबईत कापडाचा बाजार वेगळा, सोन्याचा वेगळा, वायरचा वेगळा, मिरचीचा वेगळा. मॉलची तर तऱ्हाच निराळी. बाजार कुठलाही असो, त्याचं स्वतःचं एक माप असतं. कापडाला पन्हा (म्हणजे रुंदी) आणि मीटर, पितळेला किलो, सोन्याला ग्रॅम, वायरला चौरस मिलिमीटर. ते माप तुमच्या तोंडून निघालं की दुकानदार तुमच्याशी धंद्यातल्या माणसासारखं बोलतो. नाहीतर "मॅडम, ये देखो, नया आया है" सुरू होतं आणि अर्धी दुपार बघण्यातच जाते.

उतरायचं कुठे, जायचं कधी

आमच्याकडून मंगळदासला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जलद गाडी मस्जिद स्टेशनला थांबत नाही. धीमी पकडलीत तर मस्जिदला पश्चिमेकडे उतरा, समोरच बाजार सुरू होतो. जलद गाडीने गेलात तर थेट सीएसएमटीला उतरा आणि जे. जे. कला महाविद्यालयावरून क्रॉफर्ड मार्केटकडे चालत या, दहा मिनिटांचा रस्ता आहे. मी स्वतः हाच मार्ग धरते, कारण स्टेशनवर स्वच्छतागृह आहे आणि पुढच्या गल्ल्यांत बायकांसाठी ती सोय शोधत फिरावं लागतं. इतका जुना, इतका श्रीमंत बाजार, आणि एवढी साधी गोष्ट अजून धड होत नाही, याचा मला दरवेळी राग येतो. पश्चिम रेल्वेवाल्यांना मरीन लाइन्स बरं. 'मेट्रो ३' ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते आणि तिचं एक स्टेशन काळबादेवीलाच आहे. अंधेरी-बीकेसीकडच्यांची त्यामुळे चांगलीच सोय झाली.

रविवारी जाऊ नका. कापडाचे मंगळदास आणि मूळजी जेठा, वायरची लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक्सचा लॅमिंग्टन रोड, सगळीकडे शटर खाली असतं. रविवारी रस्त्यावर जे दिसतं ते फेरीवाल्यांचं. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी रस्त्यावर जुन्यापान्या सामानाचा बाजार भरतो, म्हणजे तिथला वार आणखी वेगळा. मधल्या वारी साडेअकराच्या सुमारास पोचा. त्याआधी दुकानं झाडलोट आणि पूजेत असतात, आणि चारनंतर गल्लीत हातगाड्या, हमाल आणि तुम्ही, तिघांपैकी एकालाच जागा असते. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात महंमद अली रोड ओलांडायचा असेल तर वेळ राखून निघा.

कापड

आधी क्रॉफर्ड मार्केट ओलांडूया. कागदोपत्री ती महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ मध्ये बांधून पूर्ण झालेली. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं जुनं नाव लोकांच्या तोंडून जात नाही. दारावर शेतकऱ्यांची दगडी शिल्पपट्टी आहे, ती जे. जे. मध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची. हातात पिशव्या नसतील तेव्हाच वर बघा. रुखवतासाठी सुकामेवा इथेच घ्या, पण परत येताना. अर्धा-अर्धा किलोची पाच पाकिटं खांद्यावर घेऊन कापड बघता येत नाही.

मग मंगळदास. हे छताखालचं मार्केट आहे, आत अरुंद गल्ल्या आणि गादीवर बसलेले दुकानदार. शेजारचं मूळजी जेठा मार्केट घाऊकवाल्यांचं. तिथे अख्खा तागा उचलणाऱ्याला मान असतो, दोन मीटरवाल्याला नाही. तुमचं काम मंगळदासमध्येच होईल.

पहिला प्रश्न भावाचा नको, पन्ह्याचा विचारा. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि तो साधारण ३६, ४४ किंवा ५८ इंच असतो. समजा एक कापड २०० रुपये मीटर आहे आणि दुसरं २८०. पहिल्याचा पन्हा ३६ आणि दुसऱ्याचा ५८ असेल, तर दुसरंच स्वस्त पडतं. कागदावर भागाकार करून बघा. माझ्या मापाने साध्या ब्लाउजला ४४च्या पन्ह्यात ८० सेंटिमीटर ते एक मीटर लागतं, लांब बाही असेल तर एक मीटरच्या खाली येऊच नका. कळ्यांच्या घागऱ्याला ४४च्या पन्ह्यात चार-साडेचार मीटर, घेर भरपूर हवा असेल तर पाच-सहा. अस्तर वेगळं. उंच मुलींनी आपल्या शिंपिणीला विचारून जावं, कारण एकदा कापड फाडलं की ते परत जात नाही.

दुसरी गोष्ट रंग. आत सगळा ट्यूबलाइटचा उजेड. मोतिया आणि बदामी तिथे सारखे दिसतात, आणि राणी रंग तर हमखास फसवतो. साडी किंवा तिची कातरण बरोबर न्या आणि तागा घेऊन मार्केटच्या दारापर्यंत चला. दुकानदार कुरकुरतो, पण पोऱ्याला बरोबर पाठवतो. फोनवरचा फोटो दाखवून मॅचिंग करणाऱ्या मुलींना मी आधीच सांगते, ब्लाउज साडीशी भांडेल.

तिसरी, कापड खरं कुठलं ते. "प्युअर सिल्क आहे" हे वाक्य या गल्ल्यांत फार स्वस्त मिळतं. कडेचा एक धागा मागा आणि बाहेर जाऊन काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि भुरभुरीत राख सोडतो. रेशीम जळताना जळक्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. पॉलिस्टर वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या कितीतरी घागऱ्यांना आत तेच असतं, घडी मोडत नाही म्हणून. फक्त त्याचे पैसे रेशमाचे देऊ नका. गडद सुती कापड असेल तर ओला रुमाल घासून बघा. रुमाल रंगला तर ते कापड पांढऱ्या काठाशेजारी लावायचं नाही.

भाव करायचा तो कात्री लागायच्या आधी. तीन-चार रंग एकाच दुकानातून घेतलेत तर कमी होतो, एका ब्लाउज पीसला फारसा नाही, आणि ते योग्यच आहे. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने उगाच भाव पाडून उठून जाऊ नये, भवानीची वेळ असते आणि शेठ मनातून नाराज होतो. त्यापेक्षा मापाच्या शेवटी "शेठ, चार बोटं जास्त ठेवा" म्हणा. बहुतेक जण ठेवतात, आणि सुती कापड पाण्यातून काढल्यावर आटतं तेव्हा ती चार बोटंच वाचवतात. निघताना दुकानाचं कार्ड घ्या आणि गल्लीच्या तोंडाचा फोटो काढा. अर्धा मीटर कमी पडलं तर तेच दुकान पुन्हा सापडणं ही मंगळदासमधली खरी परीक्षा आहे.

लेस, लटकन, गोंडे आणि खोटे दागिने यांच्यासाठी पुढे भुलेश्वर. तिथे डझन आणि ग्रोस (म्हणजे बारा डझन) चालतं. लेस मीटरने सुट्टी मिळते, पण पूर्ण गुंडाळीचा भाव विचारून बघा. बहीण आणि वहिनी मिळून घेतलीत तर परवडते.

सोनं, पितळ आणि वायर

झवेरी बाजार मुंबादेवीच्या अंगणातच आहे म्हणा. इथे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा: निव्वळ सोन्याचं वजन, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ. खडे असतील तर खड्यांचं वजन सोन्यातून वजा केलंय का ते बघा. त्यावर ३ टक्के जीएसटी. २२ कॅरेटवर ९१६ हा शुद्धतेचा आकडा असतो आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हे दुकानात, पैसे द्यायच्या आधी करायचं. सराफाला राग येत नाही. आलाच, तर दुसरं दुकान शेजारीच आहे.

तांब्या-पितळेची भांडी पायधुणीजवळच्या तांबाकाट्याला, वजनावर. नक्षीची समई सुंदर दिसते म्हणून नगावर भाव सांगितला तरी तराजूवर ठेवायला लावा.

नव्या घराची वायरिंग निघाली असेल तर लोहार चाळ. जाण्याआधी वायरमनकडून जाडी लिहून घ्या: दिवे-पंख्यांना साधारण १.५ चौरस मिलिमीटर, गीझर-एसीला ४. गुंडाळी ९० मीटरची असते. आयएसआयचा शिक्का बघा आणि पक्कं बिल घ्या. हा माझा प्रांत नाही, एवढंच पुरे.

लालबाग

हे लग्नाच्या खरेदीत बसत नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत जाणारी बाई लालबागवरून रिकाम्या हाताने परतत नाही. चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरा. मिरची गल्लीत बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीच्या मधली. मालवणी मसाला करायचा असेल तर एकाच मिरचीवर भागत नाही, आणि प्रमाण तुमच्या सासूबाईंना विचारा, मला नको. मिरची हातात घेऊन मोडा. कडकडून तुटली तर वाळलेली, वाकली तर ओलसर, आणि ओलसर मिरचीत तुम्ही पाण्याचे पैसे देता. देठासकट आणि देठ काढलेली यांचा भाव वेगळा असतो, तुलना करताना ते विसरू नका. तिथेच भाजून डंकावर कुटून मिळतं. आपला मसाला आपल्यासमोर कुटून घ्या, स्टूलवर बसून शिंका देत का होईना. गणपतीत मात्र लालबागकडे फिरकू नका, खरेदीचं नाव काढायची सोय नसते.

आणि मॉल

मला मॉलचा तिटकारा नाही. मुंबईत १९९९ मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडलं तेव्हा लोक ते बघायला गेले. पुढे लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी दुकानं आली, आणि आता घाटकोपर, कुर्ला, मालाड, ठाणे, सगळीकडे आहेत. शिंपिणीला मॉलचा उपयोग वेगळा. मोठ्या ब्रँडचा घागरा घालून बघा, ट्रायल रूममध्ये आरशासमोर फिरा, गळा किती खोल शोभतो, बाही कुठपर्यंत, हे ठरवा. मग तो उलटा करा. शिवणीत कापड किती सोडलंय, अस्तर पूर्ण आहे की कमरेपर्यंतच, काठ हाताने टिपलाय की मशीनने, ते बघा. किमतीचा चिठ्ठा बघण्याआधी हे बघा, म्हणजे ती किंमत कशाची आहे ते कळतं.

कराचंही एक गणित आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या नगावर १८. साडी किंवा मीटरने घेतलेल्या कापडावर मात्र ५च. मॉलमध्ये कर छापील किमतीतच मुरलेला असतो, त्यामुळे जाणवत नाही.

तरी काही गोष्टी मॉलमधूनच घ्या. नवऱ्यामुलाचा सूट, जर शिवायला महिना उरला नसेल तर. आतले कपडे, कारण मापं पक्की असतात. मुलांचे कपडे, जे दोन दिवसांत बदलून आणावे लागतात. बदलीची मुदत बिलावर छापलेली असते, ती काउंटरवरच वाचा आणि सेलमधल्या मालाला लागू आहे का ते विचारा. पाटीवर "५० टक्के" मोठं आणि "पर्यंत" बारीक असतं, तुम्ही बारीक वाचा. हंगामी सेल जानेवारीत आणि जुलैच्या आसपास लागतात, म्हणजे मे महिन्याच्या लग्नाला जानेवारी सोयीचा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं किंवा बदलून द्यायचं कबूल करून नाकारलं, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आणि चपला. त्याही मॉलमधून किंवा चांगल्या दुकानातून, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या. टाच किती ते ठरलं की चपला घेऊनच माझ्याकडे या. त्या घालून उभं राहिल्याशिवाय मी कुणाच्याही घागऱ्याची उंची घेत नाही.